जंगलातील मुक्कामासाठी अग्निसाधन कसे निवडावे? काडेपेटी, लायटर, चकमक यांचे गुणदोष

सुरत शहर सोडून आग्नेयेकडे निघाले की दोन-तीन तासांत सपाटी संपते आणि सागाची दाट राने सुरू होतात. डांग जिल्ह्यातील महाल, वघई, आहवा आणि सुमारे हजार मीटर उंचीवरचे सापुतारा ही सुरतकरांची नेहमीची भटकंतीची ठिकाणे आहेत. सुरतेपासून सापुतारा सुमारे १६० किलोमीटरवर आहे. लिंबायत, उधना या भागांत स्थिरावलेली खानदेशी मराठी कुटुंबेही सुट्टीत याच वाटेने जातात. सह्याद्रीची रांग तापीच्या दक्षिणेस जिथून डोके वर काढते, तिथला हा प्रदेश आहे. हीच रांग पुढे गोव्यात सत्तरी आणि सांगेच्या डोंगरांतून जाते. त्यामुळे पावसाळ्यातील ओल, हिवाळ्यातील थंड रात्री आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत वाळलेला पाचोळा या तिन्ही गोष्टी डांगात जशा आहेत, तशाच गोव्याच्या रानातही आहेत.

अशा ठिकाणी मुक्कामाला जाताना पिशवीत तंबू, अंथरूण, शिधा हे सारे आठवणीने भरले जाते. विस्तव पेटविण्याचे साधन मात्र बहुधा शेवटच्या क्षणी, पानटपरीवरून घेतले जाते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण वाट चुकली, पावसाने कपडे भिजले, सोबतचा माणूस थंडीने कुडकुडू लागला, तर त्या वस्तूवर जीव अवलंबून राहू शकतो. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की हातापायांवरील ताबा सुटू लागतो, विचारशक्ती मंदावते, आणि त्या अवस्थेत ओली काडी पेटविणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून साधन कोणते घ्यायचे, हा प्रश्न घरी शांतपणे सोडवावा हे उत्तम.

चकमकीपासून लायटरपर्यंत

अग्नी निर्माण करण्याच्या पद्धती मूलतः तीनच आहेत : घर्षण, ठिणगी आणि रसायन. यज्ञासाठी अरणीमंथनाने अग्नी सिद्ध करण्याची परंपरा घर्षणाची आहे. बांबूवर बांबू घासून विस्तव काढण्याची रीतही त्याच जातीची. ठिणगीची पद्धत म्हणजे चकमक. गारगोटीच्या कडेवर पोलादाचा तुकडा झटक्याने आपटला की पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जाऊन तापतात आणि पेट घेतात. ते कण कापसावर झेलून फुंकर घातली की निखारा धरतो. पोलाद, गार आणि कापूस अशी तिहेरी सामग्री पूर्वी चिलीम ओढणाऱ्यांच्या कनवटीला असे. या कामी लागणारा कठीण दगड दक्षिण गुजरातला शोधावा लागला नाही. सुरतेच्या उत्तरेस, राजपीपळ्याच्या डोंगराजवळील रतनपूरच्या खाणींतून अकीक निघतो आणि खंभातचे कारागीर त्याचे मणी घडवितात. अकीक हा गारगोटीच्या कुळातलाच दगड होय.

रसायनाची पद्धत त्या मानाने अलीकडची. इंग्लंडमधील जॉन वॉकर याने घासून पेटणारी काडी १८२७ मध्ये विकायला आणली. पुढे स्वीडनमध्ये सुरक्षित काडीची कल्पना साकारली. तिच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि पेटीच्या कडेवरील पट्टीत तांबडा फॉस्फरस. दोन्ही एकत्र आल्याशिवाय काडी पेटत नाही, हेच तिचे सुरक्षितपण. १९०३ मध्ये ऑस्ट्रियाच्या कार्ल आऊअर फॉन वेल्सबाख याने सिरियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. त्याला फेरोसेरियम म्हणतात. आजच्या चाकाच्या लायटरमधील बारीक खडा हा त्याचाच असतो आणि गिर्यारोहकांच्या दुकानांत मिळणारी काळी चकमक-दांडीही त्याचीच असते.

काडेपेटी

काडेपेटी स्वस्त, परिचित आणि शिकवावी न लागणारी वस्तू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची किंमत एक रुपयावरून दोन रुपये झाली, तरी इतके स्वस्त साधन दुसरे नाही. काडीत तयार ज्योत मिळते, हा तिचा मोठा गुण. ठिणगीला झेलायला कापूस लागतो. काडीला फक्त बारीक काटक्या पुरतात.

तिचा शत्रू ओल. पावसाळ्यात गोव्यात किंवा डांगात उघडी ठेवलेली पेटी एका दिवसात दमट होते. गूल मऊ पडतो, पट्टीवरचा मसाला सुटतो. गुलावर वितळलेले मेण चढवून काड्या पाण्यापासून वाचविता येतात, पण पट्टी भिजली तर त्या काड्यांचा उपयोग उरत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. म्हणून काड्या आणि पट्टीचा कापलेला तुकडा घट्ट झाकणाच्या छोट्या बाटलीत एकत्र ठेवावेत. पट्टीची मसाल्याची बाजू गुलांना लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

बाजारात अर्ध्या लांबीपर्यंत जाड मसाला लावलेल्या काड्याही मिळतात. त्या वाऱ्यात विझत नाहीत आणि साध्या काडीपेक्षा अधिक वेळ जळतात. संकटकाळासाठी त्या राखून ठेवाव्यात. मात्र त्यांचा जळता मसाला गळून पडू शकतो, तेव्हा हात आणि तंबू दोन्ही जपावे.

लायटर

गॅसचा लायटर एका हाताने चालतो, शेकडो वेळा पेटतो आणि भिजला तरी वाळवून पुन्हा वापरता येतो. चाकाचा लायटर पाण्यात पडल्यास पाणी झटकावे, चाकावर फुंकर घालावी, चाक कपड्यावर काही वेळा फिरवावे. बहुधा तो पुन्हा पेटतो. कळ दाबून विजेची ठिणगी पाडणाऱ्या लायटरला ओल आणि उंची अधिक बाधते. शिवाय त्याची ठिणगी बंद पडली तर दुसरा मार्ग राहत नाही. म्हणून रानासाठी चाकाचाच लायटर बरा.

थंडीत एक अडचण येते. लायटरमधील ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास उकळतो. हवा गोठणबिंदूकडे झुकली की वायूचा दाब घटतो आणि ज्योत दुबळी पडते. डांगात किंवा गोव्यात इतकी थंडी पडत नाही. पण हिमालयात जाणाऱ्यांनी लायटर खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा. याउलट उन्हाळ्यात पारा चाळिशीवर असताना बंद मोटारीत समोरच्या काचेखाली ठेवलेला लायटर फुटू शकतो.

जोरदार निळी ज्योत फेकणारा लायटर वाऱ्यात उपयोगी पडतो, पण गॅस फार लवकर संपवितो. पेट्रोलवर चालणारा वातीचा लायटर वाऱ्याला दाद देत नाही. मात्र त्यातील इंधन न वापरताही काही आठवड्यांत उडून जाते. मागच्या सहलीनंतर पेटीत पडून राहिलेला असा लायटर ऐन वेळी रिकामा निघतो. विजेवर भारित होणाऱ्या लायटरला वाऱ्याची बाधा नसते, पण त्याचा भरवसा बॅटरीइतकाच.

स्वयंपाकघरातील शेगडीच्या लायटरविषयी एक खुलासा आवश्यक आहे. तो केवळ ठिणगी देतो, ज्योत देत नाही. सोबत गॅसची छोटी शेगडी असेल तर तो उत्तम. पण त्याच्या ठिणगीने कापूस किंवा पाचोळा पेटेल, अशा भरवशावर राहू नये.

खरेदी करताना मानक चिन्ह पाहावे. ज्योत देणाऱ्या लायटरसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक केले. त्याच वर्षी जूनमध्ये वीस रुपयांपेक्षा कमी आयातमूल्याच्या सिगारेट लायटरच्या आयातीवर बंदी आली. पारदर्शक टाकीचा लायटर घेतल्यास उरलेला गॅस दिसतो, आणि हा साधा फायदा रानात मोलाचा ठरतो.

चकमक-दांडी

फेरोसेरियमच्या दांडीत इंधन नसते, त्यामुळे संपणे, उडून जाणे, गळणे हे प्रश्नच उद्भवत नाहीत. ती पाण्यात बुडाली तरी पुसून लगेच चालते. तिच्या ठिणग्यांचे तापमान साधारण तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाते. जुन्या चकमकीची ठिणगी तिच्यापुढे फारच मंद. नीट वापरली तर एक दांडी हजारो वेळा ठिणगी देते.

दांडी घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. व्यास आठ ते दहा मिलिमीटर आणि लांबी किमान आठ सेंटिमीटर असावी. काडीएवढी बारीक दांडी आपटल्यास मोडते. खरवडण्याच्या पट्टीची कडा काटकोनी आणि तीक्ष्ण असावी. नव्या दांडीवर काळ्या रंगाचा थर असतो, तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही. अनेकजण पहिल्याच प्रयत्नात दांडीला नावे ठेवतात, त्याचे कारण बहुधा हा थर असतो. मऊ दांडी मोठ्या ठिणग्या देते पण लवकर झिजते; कठीण दांडी टिकते पण तिला जोर लावावा लागतो. नवशिक्याने मऊ दांडी घ्यावी.

वापरताना पट्टी स्थिर धरून दांडी मागे ओढावी. पट्टी पुढे ढकलली तर हात रचलेल्या कापसावर आदळून सारी मांडणी विस्कटते. दांडी घेतलेल्या प्रत्येकाने ती घरी, अंगणात, वारा असताना आणि एकदा तरी ओल्या हातांनी वापरून पाहावी. सवय नसलेल्या माणसाच्या हातात ती केवळ धातूची कांडी राहते.

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात एक वेगळी दक्षता घ्यावी लागते. खाऱ्या, दमट हवेत ही मिश्रधातू गंजून भुसभुशीत होते. वापर झाल्यावर दांडी पुसून तिला तेलाचा हात लावावा आणि कोरड्या डबीत ठेवावी.

ठिणगीला झेलणारा पदार्थ

साधन कितीही उत्तम असले तरी पहिली ठिणगी धरणारा कोरडा, तंतुमय पदार्थ नसेल तर विस्तव धरत नाही. येथे सुरतेचा उल्लेख वेगळ्या कारणाने करावा लागतो. सुरत ही देशातील कृत्रिम धाग्याच्या कापडाची सर्वांत मोठी पेठ आहे, आणि आज घराघरांत निघणारी चिंधी बहुतांशी पॉलिएस्टरची असते. पॉलिएस्टर २५० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळते. ठिणगी पडली की त्याला भोक पडते, निखारा धरत नाही. जुन्या साडीची चिंधी म्हणून सोबत घेतलेले कापड रानात असा दगा देऊ शकते. चिंधी निवडताना एक सूत ओढून घराबाहेर जपून पेटवून पाहावे. राख होऊन चुरली तर कापूस. कडक गोळी झाली तर कृत्रिम धागा.

अंगावरच्या कपड्यांनाही हाच नियम लागू पडतो. विंडचीटर, तंबू, नायलॉनची दोरी, झोपण्याची पिशवी हे सारे वितळणारे पदार्थ आहेत. वितळलेला थेंब त्वचेला चिकटतो आणि खोल भाजतो. कापूसही पेट घेतो, पण वितळून चिकटत नाही. शेकोटीजवळ बसताना वरचा कपडा सुती किंवा लोकरी असावा.

घरातच मिळणारे उत्तम पदार्थ पुढीलप्रमाणे :

कापूर : देवघरातील कापराची वडी काडीने तत्काळ पेटते आणि ओलसर काटक्यांनाही धग देते. तो हवेत उडून जातो, म्हणून हवाबंद डबीत ठेवावा. पोटात गेल्यास तो विषारी असतो. मुलांपासून दूर ठेवावा.

कापूस आणि व्हॅसलीन : कापसाच्या बोळ्यात व्हॅसलीन मळून ठेवावे. वापरताना बोळा पिंजून तंतू मोकळे करावेत. चकमक-दांडीच्या ठिणगीने तो पेटतो आणि काही मिनिटे जळतो. निरांजनाच्या तुपात भिजवलेल्या वाती काडी किंवा लायटरसाठी चालतात.

काथ्या : नारळाच्या सोडणाचे कोरडे तंतू चोळून मऊ केले की घरट्यासारखा गोळा होतो. गोव्यात यापेक्षा सुलभ वस्तू नाही.

कोळकापड : सुती कापडाचे तुकडे बारीक छिद्र असलेल्या पत्र्याच्या डबीत घालून निखाऱ्यावर ठेवले की ते न जळता काळे होतात. जुन्या चकमकीची मंद ठिणगीही ते धरतात.

ओल्या दिवसांत मेलेल्या पण उभ्या असलेल्या झाडाची वाळकी फांदी घ्यावी. जमिनीवर पडलेले लाकूड ओल शोषून घेते. साल काढून आतील कोरड्या गाभ्याचे बारीक ढलपे काढावेत.

प्रवासातील निर्बंध

मडगावहून कोकण रेल्वेने सुरत गाठणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की रेल्वेत गॅसचे सिलिंडर, रॉकेल, पेट्रोल यांसारखे ज्वलनशील पदार्थ नेण्यास मनाई आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ अन्वये अशा धोकादायक वस्तू नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय झालेल्या नुकसानीची जबाबदारीही येते. विमानात काडेपेटी, लायटर आणि गॅसच्या डब्यांवर कडक निर्बंध आहेत. चकमक-दांडी सामानात ठेवण्यापूर्वी विमान कंपनीला विचारावे. ज्वलनशील वस्तू मुक्कामाच्या गावी विकत घेणे हाच सोपा मार्ग.

कायदा आणि वणवा

साधन हाती आहे म्हणून कुठेही विस्तव करता येतो, असे नाही. डांगातील पूर्णा अभयारण्य, नवसारी जिल्ह्यातील वांसदा राष्ट्रीय उद्यान, गोव्यातील भगवान महावीर, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही सारी संरक्षित क्षेत्रे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने विस्तव करणे किंवा तो जळता सोडणे निषिद्ध आहे. राखीव वनांसाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये तशीच तरतूद आहे. वनखात्याच्या शिबिरस्थळीही शेकोटीची जागा आणि वेळ कर्मचाऱ्यांना विचारूनच ठरवावी.

हे निर्बंध कागदी नाहीत. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य आणि आसपासच्या डोंगरांत पेटलेले वणवे विझविण्यासाठी नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली होती. सागाची रुंद पाने फेब्रुवारीपासून गळू लागतात आणि मेपर्यंत जमिनीवर कोरडा थर साचतो. अशा दिवसांत एक उडालेली ठिणगी पुरेशी असते. फेब्रुवारी ते मे या काळात रानात शेकोटी न करणेच शहाणपणाचे. स्वयंपाक परवानगी असलेल्या जागी छोट्या शेगडीवर करावा.

प्रसंगी विस्तव करावाच लागला तर सभोवतालचा तीन मीटर घेराचा पाचोळा झाडून मातीपर्यंत जागा साफ करावी. वारा वाहतो त्या दिशेला तंबू नसावा. पाणी आधी आणावे, काडी नंतर ओढावी. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि राखेजवळ हाताचा मागचा भाग नेऊन धग नाही याची खात्री करावी. मातीने झाकलेला निखारा विझत नाही. तो आत धुमसत राहतो.

तंबूच्या आत शेगडी, कोळशाची शेकोटी किंवा मेणबत्ती कदापि पेटवू नये. आग लागण्याचा धोका तर असतोच, पण बंद जागेत जमणारा कार्बन मोनॉक्साइड वासावाचून, धुरावाचून झोपेत प्राण घेतो.

संकटकाळ रानातच येतो असे नाही

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि सुरत शहराचा बराच मोठा भाग पाण्याखाली गेला. हजारो कुटुंबे वीज आणि पिण्याच्या पाण्यावाचून घरांत अडकून पडली. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने गोव्यात झाडे आणि विजेचे खांब पाडले, तेव्हा अनेक गावे अंधारात होती. अशा वेळी पाणी उकळणे, दिवा लावणे, लहान मुलांसाठी दूध तापविणे ही कामे एका कोरड्या काडीवर येऊन ठेपतात. त्यामुळे भटकंतीसाठी जमविलेली सामग्री घरातील आपत्कालीन पेटीतही असावी. मात्र पूर किंवा वादळानंतर गॅसगळतीची शंका असेल, तर कोणतीही काडी ओढण्यापूर्वी सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

काय घ्यावे?

एकाच साधनावर विसंबू नये, हा सर्वांत महत्त्वाचा नियम. एक-दोन दिवसांच्या मुक्कामासाठी पारदर्शक टाकीचा, चाकाचा लायटर मुख्य साधन म्हणून खिशात ठेवावा. हवाबंद बाटलीत वीसेक काड्या आणि पट्टीचा तुकडा पाठपिशवीत ठेवावा. दीर्घ भ्रमंतीसाठी किंवा पावसाळ्यात त्यांच्या जोडीला चकमक-दांडी आणि व्हॅसलीन लावलेल्या कापसाची डबी घ्यावी. तिन्ही साधने वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावीत, म्हणजे पिशवी ओढ्यात वाहून गेली तरी खिशातले एक उरते. लहान मुले सोबत असतील तर लायटर आणि कापूर मोठ्यांच्या अंगावरच असावेत.

या साऱ्याचा खर्च एका वेळच्या हॉटेलातील जेवणाहून अधिक होत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक साधन एकदा चालवून पाहावे, लायटरमधील गॅस तपासावा, बाटलीचे झाकण घट्ट आहे ना हे पाहावे. वाट चुकल्यास किंवा कोणी जखमी झाल्यास, मोबाइलला संपर्क मिळत असेल तेथून प्रथम ११२ क्रमांकावर कळवावे. त्यानंतर, मोकळ्या आणि साफ केलेल्या जागी, ऊब आणि खूण यांसाठी लहानसा विस्तव करून मदत येईपर्यंत एकाच ठिकाणी थांबावे.